प्रिंट सेटिंग बदललं, तरी कागदावर जुनंच येतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेतू केंद्रात ए-४ निवडावं आणि दाखल्याची शेवटची ओळ कापून यावी. पतसंस्थेत दोन्ही बाजूंनी छापायला सांगावं आणि कागदाचा गठ्ठा दुप्पट वेगाने संपावा. आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये लेबलाचं माप बदलावं आणि पेटीवर जुन्याच मापाचं लेबल चिकटावं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही ऑफिसात किंवा झेरॉक्सच्या दुकानात ही तक्रार ऐकू येते. खालची उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत. पडद्यावर इंग्रजीत दिसणारी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

सेटिंग सेव्हच होत नाही असं वाटतं. खरंच तसं असतं का?

क्वचित. बहुतेक वेळा ते सेव्ह झालेलं असतं. पण तुम्ही बदललेलं असतं एका जागचं आणि छापताना वाचलं जातं दुसऱ्या जागचं. एका प्रिंटमागे सेटिंगच्या पाच जागा असतात: प्रिंटरचं स्वतःचं पॅनेल, ड्रायव्हरमधलं (संगणकाचा हुकूम प्रिंटरच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) सगळ्यांसाठीचं डिफॉल्ट, तुमच्या विंडोज खात्याची पसंती, ज्यातून छापता तो प्रोग्रॅम, आणि ती फाइल. या क्रमात पुढची जागा मागच्या जागेवर मात करते. फाइलमध्ये लेटर (कागदाचं अमेरिकी माप) नोंदलेलं असेल तर ड्रायव्हरमध्ये दहा वेळा ए-४ केलं तरी लेटरच जाणार.

पॅनेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. संगणकाकडून मापाबद्दल काहीच सूचना आली नाही तर पॅनेलवरचं माप चालतं. आणि ट्रेसाठी नोंदवलेला कागद आलेल्या कामाशी जुळला नाही तर प्रिंटर काम अडवून दिवा लुकलुकवत बसतो.

म्हणून ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याआधी चुकीचं सेटिंग कुठून येतंय ते शोधा. त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. ड्रायव्हर नव्याने टाकण्यात अर्धा दिवस जातो आणि नीट बसवलेली बाकीची सेटिंगंही जातात.

चुकीचं सेटिंग कुठून येतंय, हे कसं ओळखायचं?

तीन प्रिंट काढा, याच क्रमाने.

१. 'सेटिंग्ज' मध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' उघडा, प्रिंटर निवडा, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' मध्ये 'जनरल' टॅबवरचं 'प्रिंट टेस्ट पेज' दाबा. या पानात ना तुमचा प्रोग्रॅम असतो ना तुमची फाइल. हेच चुकीचं आलं तर दोष ड्रायव्हर, खातं किंवा पॅनेल यांतला.

२. टेस्ट पेज बरोबर आलं तर ज्या प्रोग्रॅममध्ये अडचण आहे त्यात नवी, कोरी फाइल उघडून दोन ओळी लिहा आणि छापा. इथे चुकलं तर दोष प्रोग्रॅमचा.

३. हेही बरोबर आलं आणि फक्त तुमची फाइल चुकत असेल, तर सेटिंग त्या फाइलमध्येच बसलेलं आहे.

कागदाचं माप चुकतंय का, हे पट्टी लावूनही कळतं. ए-४ म्हणजे २१० × २९७ मिमी, लेटर म्हणजे २१६ × २७९ मिमी. तळाशी साधारण १८ मिमी मजकूर गायब असेल तर कुठेतरी लेटर लागलेलं आहे. लीगल २१६ × ३५६ मिमी असतं. ए-४ कागद भरलेला असताना काम लीगलचं गेलं, तर प्रिंटर बहुधा कागद मागत थांबतो आणि लोकांना वाटतं की तो बिघडला.

'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' आणि 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स' दिसायला सारखेच आहेत. मग दोन कशाला?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दोन्ही खिडक्या हुबेहूब सारख्या दिसतात, पण 'प्रेफरन्सेस' फक्त आत्ता लॉगिन केलेल्या खात्यापुरते असतात. 'डिफॉल्ट्स' त्या संगणकावरच्या सगळ्यांसाठी असतात. ते 'प्रिंटर प्रॉपर्टीज' मधल्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर खालच्या बाजूला सापडतात.

बँकेत किंवा पंचायतीत एकाच संगणकावर सकाळी एक आणि दुपारी दुसरा कर्मचारी बसतो. सकाळच्या माणसाने 'प्रेफरन्सेस' बदलले, तर दुपारच्या माणसाच्या खात्यात त्याचा मागमूस नसतो. सगळ्यांना तेच हवं असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून 'डिफॉल्ट्स' बदला.

यातही एक मेख आहे. ज्या खात्याने आधीच स्वतःची पसंती ठरवलेली आहे, त्याच्यावर नव्या 'डिफॉल्ट्स'चा परिणाम होत नाही. विंडोज ती पसंती त्या खात्याच्या नोंदीत वेगळी जपून ठेवतं. अशा प्रत्येक खात्यात लॉगिन करून 'प्रेफरन्सेस' हाताने दुरुस्त करा. खाती चार-पाचपेक्षा जास्त असतील तर प्रिंटर काढून नव्या नावाने पुन्हा जोडणं आणि मग 'डिफॉल्ट्स' ठीक करणं सोपं पडतं.

'डिफॉल्ट्स' बदलताच येत नसतील, बटणं फिकी दिसत असतील, तर 'सिक्युरिटी' टॅब पाहा. तुमच्या खात्याला 'मॅनेज धिस प्रिंटर' ही परवानगी नसते. ती ॲडमिनकडून घ्यावी लागते.

सेटिंग बदललं, ओके केलं, पण वर्डमध्ये जुनंच दिसतं.

वर्ड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. अनेक प्रोग्रॅम सुरू होताना किंवा प्रिंटर निवडताना ड्रायव्हरचं सेटिंग एकदा वाचतात आणि मग तेच धरून बसतात. मागे ड्रायव्हर बदलल्याचं त्यांना कळत नाही. उजव्या कोपऱ्यातल्या फुलीने फाइल मिटवणं पुरेसं नाही. त्या प्रोग्रॅमच्या सगळ्या खिडक्या बंद व्हायला हव्यात.

प्रिंटच्या खिडकीतलं 'प्रिंटर प्रॉपर्टीज' बटण दाबून केलेला बदल साधारणपणे तेवढ्या कामापुरता किंवा प्रोग्रॅम बंद होईपर्यंतच टिकतो. कायमचा बदल 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मधूनच करायचा.

वर्डची प्रत्येक नवी फाइल लेटरवरच उघडते. कायमची कशी सुधारायची?

'लेआउट' मधून 'पेज सेटअप' ची पूर्ण खिडकी उघडा, 'पेपर' टॅबवर ए-४ निवडा आणि 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबा. यापुढच्या नव्या फाइली ए-४ येतील. जुन्या फाइली एकेक करूनच बदलाव्या लागतात. फाइलमध्ये सेक्शन पाडलेले असतील तर प्रत्येक सेक्शनचं माप वेगळं असू शकतं, म्हणून 'अप्लाय टू' मध्ये 'होल डॉक्युमेंट' घ्या.

विंडोजची 'रीजन' अमेरिकेवर राहिलेली असेल तर नवा प्रिंटर जोडताना तो लेटरवरच येतो. 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये 'रीजनल फॉरमॅट' भारताचा आहे का ते बघा. संगणक विकत घेतल्यावर एवढं एक काम केलं तरी पुढची बरीच कटकट टळते.

एक्सेलमध्ये पहिलं पान दोन्ही बाजूंनी येतं, बाकीच्या शीट एका बाजूने. असं का?

एक्सेल प्रत्येक शीटचं प्रिंट सेटिंग वेगळं साठवतं. प्रिंटरचं त्या वेळचं सेटिंगही शीटसोबत फाइलमध्ये जातं. तुम्ही डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी छपाई) निवडलं ते समोर उघड्या असलेल्या शीटपुरतं. 'प्रिंट एन्टायर वर्कबुक' म्हटलं की बाकीच्या शीट आपापलं जुनं सेटिंग घेऊन निघतात.

कागदाचं माप आणि आडवं-उभं बदलायचं असेल तर शीटच्या नावावर राइट क्लिक करून 'सिलेक्ट ऑल शीट्स' करा आणि मग 'पेज लेआउट' मधून बदला. काम झाल्यावर एखाद्या शीटवर राइट क्लिक करून 'अनग्रुप शीट्स' करायला विसरू नका. नाहीतर एका शीटमध्ये टाकलेला आकडा सगळ्या शीटमध्ये त्याच जागी उमटेल, आणि हिशेबाच्या फाइलमध्ये ती चूक फार महागात पडते.

डुप्लेक्ससाठी सरळ रस्ता म्हणजे सगळं वर्कबुक पीडीएफ करा आणि ती पीडीएफ दोन्ही बाजूंनी छापा. दुसऱ्या ऑफिसातून आलेल्या एक्सेल फाइलमध्ये त्यांच्या प्रिंटरचं सेटिंग बसलेलं असतं, तेव्हाही हाच उपाय लागू पडतो.

ऑनलाइन दाखले, सातबारा, तिकिटं क्रोममधून छापतो. तिथे विंडोजचं सेटिंग का चालत नाही?

क्रोमची प्रिंट खिडकी त्याची स्वतःची आहे आणि ती आपली मागची निवड लक्षात ठेवते. 'मोअर सेटिंग्ज' उघडून 'पेपर साइज', 'स्केल' आणि 'मार्जिन्स' तिथेच बदला. ड्रायव्हरच्या सगळ्या सोयी हव्या असतील तर कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबा, म्हणजे विंडोजची नेहमीची खिडकी उघडते.

पीडीएफ असेल तर ती आधी डाउनलोड करून ॲडोबी रीडरमध्ये उघडणं जास्त भरवशाचं. रीडरमध्ये दोन गोष्टी तपासा. 'चूज पेपर सोर्स बाय पीडीएफ पेज साइज' वर टिक असेल तर रीडर पीडीएफच्या मापाप्रमाणे कागद निवडायला बघतो. आणि 'फिट' निवडलेलं असेल तर मजकूर कागदात बसवायला लहानमोठा होतो. क्यूआर कोड असलेला दाखला किंवा ठरावीक मापाचा फॉर्म 'ॲक्च्युअल साइज' वरच छापा.

टॅलीतून किंवा जुन्या डॉसच्या प्रोग्रॅममधून बिल काढतो. ड्रायव्हरमध्ये काहीही बदला, बिलावर फरकच नाही.

फरक पडणारही नाही, कारण तिथे ड्रायव्हर वाटेतच येत नाही. जुने प्रोग्रॅम एलपीटी-१ पोर्टवर (प्रिंटरची जुनी रुंद खाच) कच्चा मजकूर आणि प्रिंटरच्या भाषेतल्या खुणा थेट पाठवतात. टॅलीमध्ये 'नीट', 'डॉट मॅट्रिक्स' आणि 'क्विक/ड्राफ्ट' असे छपाईचे प्रकार आहेत. 'नीट' मध्ये ड्रायव्हरचं सेटिंग चालतं. झटपट छपाईच्या प्रकारात अक्षरं प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमधून येतात आणि पानाची लांबी प्रिंटरच्या मेमरीतून घेतली जाते.

म्हणून डॉट मॅट्रिक्सवर बिल सरकत असेल तर प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत जा. मेनूत कसं शिरायचं ते मॉडेलनुसार बदलतं. बहुतेक ठिकाणी पॅनेलवरची दोन बटणं एकत्र दाबून धरावी लागतात आणि प्रिंटर स्वतःच कागदावर पर्याय छापतो. 'पेज लेंग्थ' आणि 'स्किप ओव्हर परफोरेशन' ही दोन नावं शोधा. कागद १२ इंची आणि मेमरीत ११ इंच असेल तर प्रत्येक बिल आधीच्यापेक्षा १ इंच वर सुरू होतं. सहा बिलांनंतर मथळा अर्ध्या पानाने चुकलेला असतो. सरकण्याचं माप दर पानाला सारखंच असेल तर दोष पानाच्या लांबीत आहे. कमीजास्त होत असेल तर ट्रॅक्टर (कडेच्या भोकांतून कागद ओढणारी दातेरी चाकं) किंवा कागद अडकतोय.

या कच्च्या छपाईत मराठी मिळत नाही. साध्या डॉट मॅट्रिक्सच्या मेमरीत देवनागरी अक्षरं नसतात, म्हणून कचरा छापला जातो. मराठी हवं असेल तर 'नीट' प्रकार घ्या. वेग कमी होईल, पण अक्षरं वाचता येतील.

अर्ध्या मापाचं बिल किंवा पावती आहे. ते माप यादीत कसं आणायचं?

'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' मध्ये 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' उघडा. 'फॉर्म्स' टॅबवर आधी 'चेंज फॉर्म सेटिंग्ज' दाबा, ॲडमिनची परवानगी द्या, मग 'क्रिएट अ न्यू फॉर्म' वर टिक करा. नाव द्या आणि माप टाका. १० × १२ इंची सतत कागद म्हणजे २५.४० × ३०.४८ सेमी. त्याचा अर्धा, १० × ६ इंच, म्हणजे २५.४० × १५.२४ सेमी. 'सेव्ह फॉर्म' करा.

बरेचजण इथेच थांबतात आणि सेटिंग लागलं नाही म्हणतात. फॉर्म तयार झाला म्हणजे तो लागू झाला असं नाही. पुढे 'प्रेफरन्सेस' मध्ये, 'डिफॉल्ट्स' मध्ये, आणि 'डिव्हाइस सेटिंग्ज' टॅबवर 'ट्रॅक्टर फीड' समोर तोच फॉर्म निवडावा लागतो. शेवटी प्रोग्रॅम बंद करून उघडा आणि त्यातही तो निवडा.

नवा फॉर्म यादीत दिसतच नसेल तर रुंदी तपासा. ८० कॉलमच्या प्रिंटरला १५ इंची फॉर्म झेपत नाही, म्हणून ड्रायव्हर तो यादीतून वगळतो.

त्याच प्रिंटरची दोन-तीन नावं दिसतात. कुठलं खरं?

ज्याच्यावर 'कॉपी १' लिहिलंय तेही खरं असू शकतं. यूएसबी केबल दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज बऱ्याचदा नवा प्रिंटर समजून नवी नोंद करतं. जुन्या नोंदीत तुमची सगळी सेटिंगं असतात, नवी कोरी असते. तुम्ही एका नोंदीत बदल करता आणि काम जातं दुसरीकडे.

'प्रिंटर प्रॉपर्टीज' मध्ये 'पोर्ट्स' टॅब बघा. एक यूएसबी-००१ वर आणि दुसरी यूएसबी-००२ वर असेल. प्रिंटर चालू ठेवून दोन्हींवरून टेस्ट पेज काढा. ज्यावरून कागद बाहेर येतो ती ठेवा, दुसरी काढून टाका. मग केबल आणि खाच दोघांवर एकाच रंगाची चिकटपट्टी लावा, म्हणजे साफसफाईनंतर केबल तिथेच परत जाईल.

याच्या जोडीला 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' बंद करा. हे चालू असलं की शेवटी ज्याच्यावर छापलं तोच आपोआप डिफॉल्ट होतो. कोणी एकदा 'पीडीएफ' वर छापलं की पुढच्या माणसाचं प्रिंट कागदावर येतच नाही.

वीज गेली आणि आली, की जुन्या सेटिंगची प्रिंट बाहेर पडतात.

ती जुनी कामं आहेत. प्रिंटचा हुकूम दिला त्या क्षणी असलेलं सेटिंग कामासोबत बांधलं जातं. नंतर केलेला बदल रांगेत उभ्या असलेल्या कामाला लागत नाही. पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जात असेल तर अशी अर्धवट कामं साठत जातात.

रांग साफ करण्यासाठी आधी प्रिंटर बंद करा. स्टार्ट मेनूत 'सर्व्हिसेस' शोधा, 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) वर राइट क्लिक करून 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स हा फोल्डर उघडा. त्यातल्या फाइली काढा, फोल्डर ठेवा. 'प्रिंट स्पूलर' परत 'स्टार्ट' करा आणि शेवटी प्रिंटर चालू करा. नंतर 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' वर टिक नाही ना, तेही बघून घ्या.

लेझर प्रिंटर संगणकाच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. तापताना तो एकदम मोठा भार ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस त्यापुढे टिकत नाही. संगणकही सोबत बंद पडतो आणि तेवढ्यात केलेला बदल जातो.

वीज आल्यावर वाय-फाय प्रिंटर 'ऑफलाइन' होतो. पुन्हा जोडला की सेटिंग कोरं.

राउटर पुन्हा सुरू होताना प्रिंटरला वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) देतो. विंडोज जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतं. मग कोणीतरी प्रिंटर नव्याने जोडतं आणि वर सांगितलेली दोन नावांची अडचण उभी राहते.

पत्ता कायमचा बांधून टाका. राउटरच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्वेशन' मध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा कायमचा ओळख क्रमांक) आणि त्याला द्यायचा आयपी नोंदवा. मॅक पत्ता प्रिंटरच्या नेटवर्क अहवालाच्या पानावर छापून मिळतो. मग 'पोर्ट्स' टॅबवर 'ॲड पोर्ट' मधून 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' घेऊन तोच आयपी टाका. 'डब्ल्यूएसडी' पोर्टपेक्षा हा भरवशाचा. प्रिंटर चालू असूनही ऑफलाइन दिसत असेल तर 'कॉन्फिगर पोर्ट' मध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' ची टिक काढून बघा.

'शट डाउन' करून चालू केलं, तरी काही फरक नाही.

'रीस्टार्ट' करा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावरही सिस्टिमची बरीच स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

रीस्टार्टनंतर बदललेलं सगळं पुसलं जातं.

शाळेच्या लॅबमध्ये आणि सायबर कॅफेत 'डीप फ्रीझ' सारखं सॉफ्टवेअर असतं. ते दर रीस्टार्टला संगणक ठरलेल्या स्थितीत आणतं. ते उघडून, बदल करून, पुन्हा गोठवावं लागतं. ते नसेल तर तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये लॉगिन झाला आहात का ते पाहा. डेस्कटॉपवरच्या फाइलीही गायब असतील तर हेच कारण.

दोन्ही बाजूंनी छापण्याचा पर्याय फिका दिसतो, किंवा नाहीच.

आधी खात्री करा की प्रिंटरला आपोआप कागद उलटायची सोय आहे. दुकानांत सर्रास दिसणाऱ्या साध्या लेझर प्रिंटरना ती नसते. असेल तर 'डिव्हाइस सेटिंग्ज' टॅबवर 'डुप्लेक्स युनिट' समोर 'इन्स्टॉल्ड' करा. जादा ट्रेचंही तसंच. काही ड्रायव्हरमध्ये तिथेच 'अपडेट नाऊ' असतं, ते दाबलं की ड्रायव्हर प्रिंटरला विचारून स्वतः भरतो.

त्याला प्रिंटरकडून उत्तरच येत नसेल तर 'पोर्ट्स' टॅबवर 'एनेबल बायडायरेक्शनल सपोर्ट' बघा आणि मग केबल. किनाऱ्याजवळच्या खोलीत, खिडकी समुद्राकडे असेल तर, यूएसबीच्या टोकांवर हिरवट थर चढतो. मजकूर जातो पण परतीची माहिती अडखळते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोकं पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि केबल ५ मीटरपेक्षा लांब नको.

आणखी एक शक्यता ड्रायव्हरच्या नावावरून कळते. नावात 'क्लास ड्रायव्हर' असेल तर विंडोजने स्वतःचा सर्वसामान्य ड्रायव्हर लावलेला आहे, त्यात निवडक सोयीच असतात. विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर देणं टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर आत्ताच उतरवून पेनड्राइव्हवर जपून ठेवा.

मुख्य संगणकावर सेटिंग बदललं, पण शेअर घेतलेल्या बाकीच्या संगणकांवर पोहोचत नाही.

ज्यांनी तिथे स्वतःची पसंती ठरवली आहे, त्यांना ते पोहोचणार नाही. त्याचा उपाय वर आला आहे. दुसरं कारण ड्रायव्हरचं. मुख्य संगणकावरचा ड्रायव्हर बदलला की बाकीच्यांनाही तो घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर त्यासाठी ॲडमिनची परवानगी लागते. साध्या खात्यात ती मिळत नाही आणि संगणक जुन्याच ड्रायव्हरवर राहतो. प्रत्येक संगणकावर एकदा ॲडमिन म्हणून लॉगिन करून ड्रायव्हर घ्या.

जोडतानाच 0x0000011b असा एरर आला तर तो सप्टेंबर २०२१ च्या अपडेटशी निगडित आहे. दोन्ही संगणकांवर विंडोजची सगळी अपडेट टाका. रजिस्ट्रीत बदल करून ही तपासणी बंद करण्याचा जो उपाय लोक सुचवतात तो करू नका, त्याने सुरक्षेचं दार उघडं राहतं. प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर शेअरिंग सोडून प्रत्येक संगणकावरून थेट त्याच्या आयपीवर छापणं उत्तम.

ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, तरी जुनं सेटिंग परत येतं.

प्रिंटर काढला तरी ड्रायव्हरचं पॅकेज मागे राहतं. प्रिंटर काढा, रीस्टार्ट करा, मग 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' च्या 'ड्रायव्हर्स' टॅबवर तो ड्रायव्हर निवडून 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' करा. 'वापरात आहे' असं आलं तर स्पूलर बंद-चालू करून लगेच पुन्हा प्रयत्न करा. यूएसबी प्रिंटर असेल तर नवा ड्रायव्हर टाकताना तो सांगेल तेव्हाच केबल जोडा.

पडद्यावर मराठी नीट दिसतं, कागदावर जोडाक्षरं तुटतात.

ड्रायव्हर संगणकाच्या फॉन्टऐवजी प्रिंटरमधला फॉन्ट वापरतोय. 'प्रेफरन्सेस' मध्ये 'ॲडव्हान्स्ड' खाली 'ट्रूटाइप फॉन्ट' समोर 'डाउनलोड ॲज सॉफ्ट फॉन्ट' घ्या. पीडीएफ असेल तर रीडरमध्ये 'ॲडव्हान्स्ड' मधून 'प्रिंट ॲज इमेज' करा.

पावसाळ्यात कागद वळतो, सुरकुततो. कुठलं सेटिंग लावू?

जाड कार्ड किंवा पाकीट छापताना 'थिक' किंवा 'हेवी' लावलं आणि ते तसंच राहिलं, असं फार वेळा होतं. त्यात फ्युझर (उष्णतेने छपाई कागदावर पक्की करणारा भाग) जास्त तापतो. जून ते सप्टेंबर कोकणातला कागद ओलसर असतो, जास्त उष्णतेत तो वळतो आणि बाहेर पडताना वाफही दिसते. तो धूर नव्हे. 'पेपर टाइप' परत 'प्लेन' करा. तरीही वळत असेल तर 'थिन' किंवा 'लाइट' घ्या. कॅननच्या काही लेझर प्रिंटरमध्ये यासाठी 'प्लेन पेपर एल' असा पर्याय आहे. शाई पुसली जाऊ लागली तर मात्र एक पायरी मागे या.

सेटिंगने अर्धंच काम होतं. ट्रेमध्ये एका वेळी ३०-४० कागद ठेवा, बाकीचे झाकणाच्या डब्यात. रात्री ट्रे रिकामा करा. गठ्ठा जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. कागद वळतच असेल तर गठ्ठा उलटा करून बघा.

आंब्याच्या पेटीवरची लेबलं: माप बदललं, पण मजकूर एका लेबलावरून दुसऱ्यावर जातो.

लेबल प्रिंटरला तीन ठिकाणी माप सांगावं लागतं: डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, ड्रायव्हरच्या 'स्टॉक' मध्ये, आणि प्रिंटरला स्वतःला. शेवटचं काम कॅलिब्रेशनने होतं. रोल बदलल्यावर प्रिंटर दोन लेबलांमधली फट मोजून घेतो. ते केलं नाही तर तो जुनीच लांबी धरतो. ड्रायव्हरमध्ये 'यूज करंट प्रिंटर सेटिंग' असेल तर तुम्ही बदललेला गडदपणा आणि वेग जातच नाहीत, तिथे आकडा स्वतः निवडा. हिशेब तपासायचा असेल तर २०३ डीपीआयला १ मिमीत ८ ठिपके बसतात, म्हणजे १०० × ५० मिमी लेबल ८०० × ४०० ठिपक्यांचं.

एप्रिल-मेच्या उन्हात ट्रकने जाणाऱ्या पेट्यांसाठी रिबनवर छापलेलं लेबल वापरा. उष्णतेने उमटणारं साधं थर्मल लेबल त्याच उष्णतेने काळवंडतं आणि बारकोड वाचला जात नाही. रिबन लावल्यावर ड्रायव्हरमध्ये 'थर्मल ट्रान्सफर' करायला हवं, नाहीतर छपाई फिकी येते.

रिमोट डेस्कटॉपवर काम करतो. तिथे सेटिंग बदलत नाही.

तिकडे दिसणारा प्रिंटर तुमच्या संगणकावरच्या प्रिंटरची नक्कल असतो आणि ती लॉगिनच्या वेळी बनते. आपल्या संगणकावर बदल करा, तिकडून 'साइन आउट' करा आणि पुन्हा जा. नुसती खिडकी बंद केली तर जुनं सत्र तसंच राहतं.

मॅक आणि उबुंटूवर?

मॅकवर 'प्रीसेट्स' मध्ये हवं ते सेटिंग नाव देऊन साठवा आणि छापताना तेच निवडलेलं आहे का बघा. उबुंटूवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ६३१ पोर्ट उघडून 'सेट डिफॉल्ट ऑप्शन्स' वापरा. एखाद्या खात्यात तरीही जुनंच येत असेल तर त्या खात्याच्या लपलेल्या 'कप्स' फोल्डरमधली 'एलपीऑप्शन्स' फाइल आड येते आहे. ती बाजूला काढून ठेवा.

हे सगळं करून झालं. दुरुस्तीवाल्याला बोलावताना काय सांगू?

प्रिंटरचं पूर्ण मॉडेल, विंडोजची आवृत्ती, ड्रायव्हरचं नाव ('ॲडव्हान्स्ड' टॅबवर दिसतं), 'पोर्ट्स' टॅबवर टिक असलेला पोर्ट, आणि वरच्या तीन प्रिंटपैकी कुठली चुकली. चुकलेले कागद फेकू नका, त्यांच्यावर पेनाने प्रोग्रॅमचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. चिपळूणहून किंवा कुडाळहून माणूस दोन तासांचा रस्ता करून येणार असेल, तर हे कागद फोटो काढून आधीच पाठवा. निम्म्या वेळा फोनवरच उत्तर मिळतं आणि नाही मिळालं तरी तो योग्य ड्रायव्हर किंवा केबल बरोबर घेऊन येतो.